कौतुक पुरे, परीक्षण हवं

रायपुरात चित्रपटाबद्दल सगळ्यांत मोठ्या आवाजात मत कोण देतं? गेल्या दोन-तीन वर्षांकडे पाहिलं तर याचं उत्तर सरकार असंच द्यावं लागेल. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘द साबरमती रिपोर्ट’ छत्तीसगढात करमुक्त झाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ करमुक्त झाला. दोन्ही वेळा मुख्यमंत्री विष्णुदेव साय यांनी घोषणा केली आणि दोन्ही वेळा ती पहिल्या पानावर झळकली. वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून राज्य आपल्या वाट्याचा करच सोडू शकतं, त्यामुळे तिकिटामागे वाचणारी रक्कम तशी किरकोळ असते. पण घोषणेला जो भाव आहे तो पैशांचा नाही. हा चित्रपट पाहण्यासारखा आहे, सहकुटुंब पाहा, असा तो शिक्का असतो. म्हणजे ते एक परीक्षणच. फक्त या परीक्षकाला कारणं द्यावी लागत नाहीत.

सरकारने मत देऊ नये असं कोणी म्हणणार नाही. अडचण अशी की त्या आवाजासमोर दुसरा आवाज उभा राहत नाही. छत्तीसगढवर किंवा छत्तीसगढात निघालेल्या चित्रपटांना आजवर दोनच प्रकारचे बोलणारे मिळाले. एक, मुंबई-दिल्लीत बसून तीन तारे की साडेतीन ते ठरवणारे. दुसरे, गावातच राहून पाठ थोपटणारे. इथली माणसं, बोली, जंगल आणि राजकारण ओळखणारा, तरीही भीडभाड न ठेवणारा तिसरा बोलणारा क्वचितच दिसतो. त्याच्या नसण्याने नुकसान दोघांचंही होतं. बाहेरून आलेल्या चांगल्या चित्रपटातलं अर्धं लक्षात येत नाही, आणि इथल्या चित्रपटाला आपण कुठे कमी पडलो ते कळत नाही.

‘छावा’चंच उदाहरण घ्या. शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट महाराष्ट्रात आल्यावर वाद कशावर झाले? प्रदर्शनाआधी लेझीमच्या दृश्यावर आक्षेप आला आणि ते दृश्य कापलं गेलं. नंतर शिर्के घराण्याच्या वंशजांनी गणोजी-कान्होजींच्या चित्रणाला हरकत घेतली आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी दिलगिरी व्यक्त केली. हे सगळे वाद मानापमानाचे होते. रायपुरात तात्यापारा ते चौबे कॉलनी पसरलेल्या मराठी कुटुंबांनी हा चित्रपट अभिमानाने पाहिला असेल तर त्यात नवल नाही. पण याच प्रदेशात मराठी सत्तेची दुसरी आठवणही आहे. १७४१ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनापती भास्करपंत यांच्या स्वारीत रतनपूरचं हैहयवंशी राज्य पडलं. १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहत होते, आणि त्यांच्या मागून सुभेदार आले ते मुख्यतः वसुलीसाठी. इथल्या अनेक मराठी घराण्यांची मुळं त्याच कारभारात आहेत. दख्खनमध्ये बाहेरच्या सत्तेशी झुंजणारे मराठे आणि छत्तीसगढात स्वतःच बाहेरची सत्ता होऊन आलेले मराठे, ही दोन चित्रं एकाच प्रेक्षकाच्या मनात शेजारी ठेवणं हे रायपूरच्या परीक्षकालाच जमण्यासारखं काम होतं. त्यातून ‘छावा’ वाईट ठरला नसता. आपल्या शूराचा इतिहास दुसऱ्याच्या अंगणात कसा दिसतो, एवढाच प्रश्न त्यातून पुढे आला असता. तो यायला हवा होता.

आणि हा प्रदेश परीक्षणाला परका आहे असंही नाही. जानेवारी १९०० मध्ये पेंड्राहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक निघालं. संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामन बळीराम लाखे: तिघेही मराठी, आणि मासिक हिंदी. तीनेक वर्षंच चाललेल्या या मासिकाची ओळख हिंदीच्या इतिहासात दोन गोष्टींसाठी आहे. १९०१ साली त्यात आलेली ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही सप्रे यांची कथा हिंदीतल्या अगदी पहिल्या कथांपैकी एक मानली जाते. दुसरी गोष्ट म्हणजे पुस्तक परीक्षण. हिंदी तेव्हा स्वतःचं गद्य घडवत होती; कोणी दोन पानं लिहिली तरी भाषेची सेवा केली म्हणून त्याची आरती ओवाळायची, असा तो काळ. सप्रे यांनी त्या काळात पुस्तकांचे गुणदोष मांडून लिहिलं. ‘दासबोध’ आणि टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारा हा माणूस १९२६ मध्ये रायपुरात वारला. त्यांचं नाव शहरातल्या शाळेला आहे, लाखे यांचं वस्तीला. त्यांनी घालून दिलेला पायंडा मात्र कोणी पुढे चालवला नाही.

चित्रपटाच्या बाबतीतही एक रायपूरकर फार लवकर या धंद्यात शिरला होता. हबीब तन्वीर यांचा जन्म रायपूरचा, १ सप्टेंबर १९२३ चा. नाटकाकडे पूर्णपणे वळण्याआधी, चाळिशीच्या दशकात, ते मुंबईत नभोवाणीवर काम करत होते, ‘इप्टा’ या नाट्यसंघटनेत होते आणि चित्रपटांवर लिहीतही होते. काही काळ ते ‘फिल्मइंडिया’त साहाय्यक संपादक होते. ‘फिल्मइंडिया’ म्हणजे बाबूराव पटेल. पालघरजवळच्या मासवणचे हे बाबूराव १९३५ पासून या मासिकातून असं काही लिहीत की निर्माते धास्तावत आणि वाचक मासिकावर तुटून पडत. ‘फिल्मइंडिया’ची शाळा अर्थात आदर्श म्हणता येणार नाही. बाबूराव चित्रपटावर लिहिता लिहिता नटीच्या रंगारूपावर घसरत, स्वतः चित्रपट काढत आणि इतरांच्या चित्रपटांचा न्यायनिवाडाही करत. मतभेदाचा वैयक्तिक उद्धार झाला की परीक्षणाचा तमाशा होतो, हे त्यांच्याच पानांवर दिसतं. तरी एक गोष्ट त्यांच्याकडून घेण्यासारखी होती. जाहिरातदार कोण आहे हे पाहून त्यांची लेखणी मऊ होत नसे.

तन्वीर पुढे परीक्षक राहिले नाहीत. पण छत्तीसगढच्या माणसाकडे कॅमेऱ्याने कसं पाहावं, याचा एक धडा त्यांच्या कामातून मिळाला. १९७५ मध्ये श्याम बेनेगलांनी बालचित्रपट संस्थेसाठी ‘चरणदास चोर’ केला. छायाचित्रण गोविंद निहलानींचं, नट तन्वीर यांच्या नाटक कंपनीतले, नायक लालूराम, आणि राणीच्या भूमिकेत मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या वाचणारी एक मुलगी, स्मिता पाटील. तिचा हा अगदी सुरुवातीचा चित्रपट. ‘नाचा’ या छत्तीसगढी लोकनाट्याचे कलावंत त्यात ‘लोककला’ म्हणून सजवून ठेवलेले नाहीत. ते नट म्हणून येतात, चुकीच्या जागी हसवतात, बोलीला इस्त्री करत नाहीत. २००५ साली संजय महर्षी आणि सुधन्व देशपांडे यांनी ‘गाँव के नाँव थिएटर, मोर नाँव हबीब’ हा माहितीपट केला. त्यातही तन्वीर यांच्याइतकंच त्यांच्या नटांनी बोलावं यावर भर आहे. नाट्यचळवळीतून आलेल्या देशपांड्यांना ठाऊक होतं की थोर दिग्दर्शकाच्या चरित्रात नट गायब होणं हा नेहमीचा अपघात आहे. तो त्यांनी टाळला.

बाहेरून येऊन इथलं नेमकं पकडण्याचं सर्वांत चांगलं उदाहरण सत्यजित राय यांचं. प्रेमचंदांच्या कथेवरचा ‘सद्गती’ त्यांनी १९८१ मध्ये दूरदर्शनसाठी केला आणि चित्रीकरणासाठी रायपूरच्या आसपासची खेडी निवडली. ओम पुरी दुखी चांभार, स्मिता पाटील त्याची बायको झुरिया, मोहन आगाशे पंडित घासीराम. मराठी वाचकाला ही नावं पाठ आहेत. गोंडाचं काम केलेलं नाव मात्र पाठ नाही. ते राजनांदगावचे भैयालाल हेडाऊ, ‘चंदैनी गोंदा’ या गाजलेल्या लोकमंचावरून आलेले गायक-नट. उपाशीपोटी लाकूड फोडणाऱ्या दुखीची विचारपूस करणारा तोच, आणि दुखी मेल्यावर प्रेत उचलू नका, चौकशी होऊ दे, असं वस्तीला बजावणाराही तोच. सगळ्या चित्रपटात सत्तेला ‘नाही’ म्हणणारा हा एकटा माणूस आहे, आणि तो या मातीतला नट आहे. ओम पुरींच्या घामावर, आगाशांच्या गुळगुळीत क्रौर्यावर पुष्कळ लिहिलं गेलं. हेडाऊंच्या त्या दोन प्रसंगांवर रायपुरात तरी एक सविस्तर लेख व्हायला हवा होता. पहाटेच्या पावसात पंडित प्रेताच्या पायात दोरीचा फास अडकवून ते ओढत नेतो, ते दृश्य त्या ‘नाही’चा परिणाम आहे. वस्तीने प्रेत उचललं असतं तर पंडिताचे हात कोरडे राहिले असते.

आता अलीकडचे चित्रपट घेऊ. अमित मसुरकर यांचा ‘न्यूटन’ २०१७ मध्ये आला. बर्लिनला त्याचं कौतुक झालं, भारतातर्फे तो ऑस्करला गेला, उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. नक्षलग्रस्त भागात मतदान घ्यायला गेलेला प्रामाणिक, किंचित हेकट कारकून, त्याला लवकर परत न्यायला उत्सुक असलेला अधिकारी आत्मा सिंह, आणि मलको ही स्थानिक आदिवासी शिक्षिका. मुंबई-दिल्लीतली चर्चा प्रामुख्याने दोन मुद्द्यांवर फिरली: राजकुमार राव आणि पंकज त्रिपाठी यांची जुगलबंदी, आणि बाबक पयामी यांच्या ‘सीक्रेट बॅलट’ या इराणी चित्रपटाशी असलेलं साम्य. दोन्ही मुद्दे रास्त आहेत. पण रायपुरात बसून हा चित्रपट पाहणाऱ्याला वेगळ्या जागा दिसतात.

पहिली जागा आकड्याची. न्यूटनच्या यादीत मतदार ७६. ६ एप्रिल २०१० रोजी माओवाद्यांच्या ताडमेटल्याच्या हल्ल्यात मारले गेलेले जवान ७६. दंतेवाडा-सुकम्याच्या बातम्या वर्षानुवर्षं वाचलेल्या प्रेक्षकाला हा आकडा ऐकताच खटकतो. एकाच जंगलाच्या दोन बाजू एका आकड्यात बसवलेल्या आहेत असं वाटू लागतं, आणि मग सबंध चित्रपटातलं मतपेटी आणि बंदुकीचं नातं अधिक गडद होतं.

दुसरी जागा चित्रीकरणाच्या स्थळाची. पडद्यावरचं दंडकारण्य प्रत्यक्षात बालोद जिल्ह्यातल्या दल्ली राजहऱ्याच्या परिसरात टिपलेलं आहे. दल्ली राजहरा म्हणजे भिलाई पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या खाणी. शंकर गुहा नियोगींनी इथे खाण कामगारांची संघटना बांधली, कामगारांच्या पैशातून शहीद रुग्णालय उभं राहिलं, आणि २८ सप्टेंबर १९९१ ला भिलाईत नियोगींचा खून झाला. मुख्य कथेत कॅमेऱ्याने ती खाण चौकटीबाहेर ठेवली आहे. चित्रपटाला तो अधिकार आहेच. कथा दुसऱ्या जागेची असताना खाण दाखवायचं कारण नाही. पण परीक्षकाने विचारावं की मतदानाच्या या विनोदी शोकांतिकेत जमिनीखालचं खनिज कुठे आहे? लोकशाही जंगलापर्यंत पोचली का, हा ‘न्यूटन’चा प्रश्न. जंगलाकडे इतकं लक्ष कशामुळे गेलं, हा त्याच्या अलीकडचा प्रश्न, आणि तो चित्रपट जेमतेमच विचारतो.

तिसरी जागा मलकोची. नाशिकच्या अंजली पाटीलने ही भूमिका इतक्या कमी हालचालींत उभी केली आहे की तिचं दुभाषेपण अभिनय वाटत नाही. गावकऱ्यांचं म्हणणं न्यूटनपर्यंत तिच्याच तोंडून पोचतं: तेंदूपत्त्याला योग्य भाव मिळेल का, असला अगदी हिशेबी प्रश्न. सगळ्या भारदस्त चर्चेत हा एकच प्रश्न खरा राजकीय आहे, आणि चित्रपट त्यावर फार थांबत नाही. इथे ‘न्यूटन’ थोडक्यात हुकतो. त्याचा नायक आदर्शवादी, त्याचा प्रतिनायक वास्तववादी, आणि ज्यांच्या नावाने दोघं भांडतात ती माणसं झाडाखाली बसून राहतात. हा दोष आहे हे मान्य करूनही तो गेल्या दशकातला मध्य भारतावरचा सर्वांत शहाणा हिंदी चित्रपट ठरतो.

त्याच्या शेजारी सुदीप्तो सेन यांचा ‘बस्तर: द नक्सल स्टोरी’ ठेवला, की शहाणपणाचा अर्थ कळतो. मार्च २०२४ मध्ये आलेल्या या चित्रपटात अदा शर्मा पोलीस अधिकारी आहे. टीझरमध्येच ती डाव्या विचारवंतांना भररस्त्यात गोळ्या घालण्याची भाषा करते. नक्षलवाद्यांची क्रूरता खोटी नाही. झेंडा फडकवल्याबद्दल माणसाचे तुकडे करणं, लहान मुलांना दलात ओढणं, खबऱ्या ठरवून गावकऱ्यांना मारणं, यांतल्या कशालाही बस्तरमध्ये दाखले कमी नाहीत, आणि मुंबईच्या काही परीक्षकांनी ही हिंसा जणू प्रचारकांनीच रचली आहे अशा सुरात लिहिलं तेही चूकच होतं. पण चित्रपटाचा कच्चा दुवा हिंसेत नाही. तो न्यायालयात आहे. सलवा जुडूम ही नक्षलविरोधी मोहीम २००५ मध्ये सुरू झाली. गावं रिकामी करून माणसं छावण्यांत आणली गेली, आदिवासी तरुणांच्या हाती बंदुका देऊन त्यांना विशेष पोलीस अधिकारी केलं गेलं. ५ जुलै २०११ ला सर्वोच्च न्यायालयाने नंदिनी सुंदर यांच्या याचिकेवर निकाल देताना माओवाद्यांविरुद्ध त्यांचा असा वापर घटनाबाह्य ठरवला. चित्रपट या सगळ्या प्रकरणाला दोन-चार खलनायकी वकील-लेखकांच्या कारस्थानाचं रूप देतो. पटकथा म्हणूनही ही चूकच आहे, कारण समोरच्या बाजूला एकही खरा युक्तिवाद न दिल्याने न्यायालयातल्या प्रसंगांतला ताण निघून जातो. दिल्लीचा परीक्षक याला ‘प्रोपगंडा’ म्हणून मोकळा होतो. जगदलपूर-रायपूरच्या परीक्षकाने निकालपत्र आणि पटकथा समोरासमोर ठेवून कुठे काय वगळलं ते दाखवलं असतं, तर त्या टीकेला नाकारणं अवघड गेलं असतं. सेन यांच्याच ‘द केरला स्टोरी’च्या मानाने हा चित्रपट फारच कमी चालला. प्रेक्षकांनी दिलेलं ते उत्तर होतं. परीक्षणाचं उत्तर अजून यायचं आहे.

माहितीपटांचा प्रश्न याहून नाजूक. तिथे पडद्यावरचा माणूस चित्रीकरण संपल्यावरही जगत असतो.

आर्ने सुक्सडॉर्फ हा ऑस्कर मिळवलेला स्वीडिश दिग्दर्शक पन्नाशीच्या दशकात बस्तरला आला. नारायणपूरजवळच्या गढबेंगाल या मुरिया गावातला चेंदरू नावाचा मुलगा आणि वाघाचं पिलू यांच्याभोवती त्याने चित्रपट गुंफला. १९५७ चा तो चित्रपट पुढे ‘द फ्लूट अँड द ॲरो’ म्हणून गाजला, संगीत रविशंकरांचं, आणि १९५८ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला. चेंदरू स्वीडनलाही जाऊन आला. मग तो परत गढबेंगालला आला आणि उरलेलं आयुष्य हलाखीत काढून २०१३ मध्ये वारला. अधूनमधून पत्रकार त्याच्या दारात जात, ‘टायगर बॉय’चा फोटो काढून परतत. सुक्सडॉर्फचं छायाचित्रण आजही श्वास रोखायला लावतं. पण हा चित्रपट माहितीपट आणि कथापट यांच्या सीमेवर उभा आहे. त्यात घडलेलं किती, घडवलेलं किती, गावाला त्यातून काय मिळालं, हे विचारणारा परीक्षक तेव्हा नव्हता. जगाने फोटो पाहिले, आणि प्रश्न विचारायचं काम चेंदरूच्या गरिबीवर सोडून दिलं.

आता ते दिवस गेले आहेत, कारण पडद्यावरची माणसं स्वतः बोलू लागली आहेत. ‘रायटिंग विथ फायर’ हा बुंदेलखंडच्या ‘खबर लहरिया’वरचा माहितीपट २०२२ मध्ये ऑस्करच्या अंतिम नामांकनांत होता. सोहळ्याच्या काही दिवस आधी ‘खबर लहरिया’नेच जाहीर केलं की आमच्या कामाचं चित्र यात एकांगी आलं आहे, आम्ही एकाच पक्षाच्या बातम्या करतो असं यातून वाटतं. २०२३ मध्ये ऑस्कर मिळवलेल्या ‘द एलिफंट व्हिस्परर्स’मधलं माहूत दांपत्य आणि निर्माते यांच्यातला आर्थिक वाद कायदेशीर नोटिशीपर्यंत गेला, निर्मात्यांनी आरोप नाकारले. यांतला खरा कोण हे परीक्षकाने ठरवायचं नाही. पण माहितीपटाबद्दल लिहिताना छायाचित्रणाची वाहवा करून थांबता येत नाही, एवढं यातून पक्कं झालं. सर्वनिक कौर यांचा ‘अगेन्स्ट द टाइड’ (२०२३) मुंबईच्या दोन कोळी मित्रांवर आहे: एक परंपरेने जवळच्या पाण्यात मासेमारी करणारा, दुसरा कर्ज काढून खोल समुद्रात जाणारा. सनडान्सला त्याला विशेष ज्युरी पुरस्कार मिळाला. तो पुन्हा पाहावासा वाटतो, कारण दोघांपैकी कोणालाही तो चुकीचा ठरवत नाही आणि दोघांच्या घरातलं भांडणही अर्धवट कापत नाही. बस्तरवर असा माहितीपट व्हावा, आणि झाला तर पहिला प्रश्न गढबेंगालने विचारावा.

उरला इथलाच चित्रपट. मनु नायक यांचा ‘कहि देबे संदेश’ १९६५ मध्ये आला. पहिला छत्तीसगढी चित्रपट, गाणी मोहम्मद रफींची, आणि विषय सवर्ण मुलगी व सतनामी मुलगा यांच्या प्रेमाचा. जातीवरून विरोध झाला, रायपूरच्या आधी तो दुर्गला लागला. १९७१ मध्ये ‘घर द्वार’ आला आणि त्यानंतर जवळजवळ तीन दशकं शांतता. ऑक्टोबर २००० च्या अखेरीस सतीश जैन यांचा ‘मोर छंइहा भुंइया’ लागला, आणि काही दिवसांतच, १ नोव्हेंबरला, वेगळं राज्य झालं. दोन्ही आनंद एकमेकांत मिसळले. चित्रपट तुफान चालला, त्याच्या यशावर एक उद्योग उभा राहिला, नायक अनुज शर्मा पुढे पद्मश्री झाले आणि २०२३ मध्ये धरसींव्यातून आमदारही. २०२४ मध्ये त्याच नावाचा दुसरा भाग आला.

या पंचवीस वर्षांबद्दल साधा प्रश्न विचारायचा तर असा: १९६५ च्या पहिल्या चित्रपटाने जातीला हात घालण्याचं जे धाडस केलं, ते नंतरच्या किती चित्रपटांनी केलं? फार थोड्यांनी. गाव चांगलं, शहर वाईट, आई देवता, नायक एकटा दहा जणांना लोळवणारा, मध्ये ददरिया किंवा करमा या लोकगीतांच्या चालीवर एक नाच. मुंबईच्या मसाल्याला स्थानिक फोडणी, असं त्याचं रूप झालं. भाषा छत्तीसगढी, पण चित्रपटाची नजर नव्वदीच्या हिंदी चित्रपटाची. वर्तमानपत्रांत चित्रीकरण कुठे झालं, गाणं कोणी गायलं, पहिल्या दिवशी गर्दी किती झाली हे छापून येतं. पटकथा मध्यंतरानंतर का कोलमडते, हे छापलेलं फारसं दिसत नाही.

अपवाद आहेत. मनोज वर्मा यांच्या ‘भूलन द मेझ’ला सदुसष्टाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत छत्तीसगढी चित्रपटाचा पुरस्कार मिळाला आणि मे २०२२ मध्ये तो प्रदर्शित झाला. संजीव बक्षी यांच्या ‘भूलन कांदा’ या कादंबरीवर तो आधारलेला आहे. भिलाईचे ओंकारदास मानिकपुरी, ‘पीपली लाइव्ह’चा नत्था, त्यात मुख्य भूमिकेत आहेत. एका झटापटीत चुकून खून होतो. मारणाऱ्याच्या मागे लहान लेकरं आहेत म्हणून सबंध गाव ठरवतं की एकट्या म्हाताऱ्याने गुन्हा आपल्यावर घ्यावा, आणि तो घेतो. गावाचा न्याय आणि कोर्टाचा न्याय समोरासमोर उभे राहतात. विषय जागतिक तोडीचा आहे आणि मानिकपुरी बोलण्यापेक्षा गप्प राहून जास्त सांगतात. तरी हा चित्रपट निर्दोष नाही. जिथे सामूहिक खोटेपणाचा नैतिक भार प्रेक्षकावर पडायला हवा, तिथे संगीत मध्ये येऊन त्याला भाबडेपणाचं सांत्वन देतं. गावातले लोक इतके एकदिलाने चांगले आहेत की त्यांच्यातल्या जाती, जमिनी, हेवेदावे नाहीसे होतात. ‘सद्गती’ पाहिलेल्याला हे खुपणारच. पुरस्काराच्या जल्लोषात हे कोणी बोलायला हवं होतं. त्यातून पुढचा चित्रपट सुधारला असता.

इथे एक आक्षेप ठरलेला आहे: रोपटं कोवळं आहे, त्यावर टीकेची कुऱ्हाड नको. मराठी माणसाला हा युक्तिवाद चांगला ओळखीचा. ‘श्यामची आई’नंतर अर्धशतकाने, ‘श्वास’ला २००४ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, ऑस्करवारीसाठी लोकांनी वर्गणी दिली, आणि ‘आपला चित्रपट’ या नावाखाली पुढे बरंच सुमार कामही खपलं. मराठीला त्यातून वर काढलं ते कौतुकाने नव्हे. १९६८ पासून चालणारं प्रभात चित्र मंडळ, त्याचं ‘वास्तव रूपवाणी’ हे नियतकालिक, प्रभात फिल्म कंपनीच्या जागेवर उभी राहिलेली पुण्याची चित्रपट संस्था, गुरुदत्तवरचं अरुण खोपकरांचं १९८५ चं पुस्तक, अशा ठिकाणी दोन पिढ्या चित्रपट वाचायला शिकल्या. ‘फँड्री’, ‘कोर्ट’ किंवा २०२५ मध्ये सनडान्सच्या जागतिक कथाचित्रपट विभागात सर्वोच्च पारितोषिक मिळवणारा रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ ज्या प्रेक्षकापुढे आले, तो प्रेक्षक अशा चर्चांनी तयार केला होता. मऊ बोलून कोणत्याही भाषेचा चित्रपट मोठा झालेला नाही. शिवाय छत्तीसगढी चित्रपट आता कोवळा राहिलेला नाही. पहिल्या चित्रपटाला साठ वर्षं झाली, २०२१ पासून राज्याचं चित्रपट धोरण आहे, अनुदानं आहेत, नवा रायपुरात फिल्म सिटीची योजना आहे. जिथे जनतेचा पैसा जातो तिथे जनतेने हिशेब मागायचा असतो, आणि परीक्षण हा त्या हिशेबाचा कलेपुरता भाग.

परीक्षकाच्या अडचणी खऱ्या आहेत. शहर लहान आहे. दिग्दर्शक, नट, वितरक आणि संपादक एकाच लग्नात भेटतात. दैनिकाला चित्रपटाची जाहिरात हवी असते. नट आमदार असेल तर भीड आणखी वाढते. म्हणून हे काम एकट्या पत्रकारावर सोडून चालणार नाही. खैरागढचं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आणि रायपूरचं कुशाभाऊ ठाकरे पत्रकारिता विश्वविद्यालय यांनी चित्रपट परीक्षण हा विषय गांभीर्याने शिकवावा. गोंडी, हलबी आणि छत्तीसगढी जाणणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यात पुढे करावं, म्हणजे मलकोच्या बाजूने चित्रपट वाचणारा कोणी तयार होईल. रायपूरच्या महाराष्ट्र मंडळाने नाट्यप्रयोगांबरोबर वर्षातून काही संध्याकाळी चित्रपट दाखवून त्यावर वाद घडवावा. सप्रे-लाखे यांच्या वारसांना ते शोभेलही. सुरुवात ‘सद्गती’पासून करावी, तासाभराच्या आत संपतो. दुसऱ्या संध्याकाळी ‘भूलन’ दाखवावा, आणि मनोज वर्मा यांना बोलवावं ते सत्कारासाठी नको, प्रश्नोत्तरांसाठी.

आणि प्रेक्षकांना विनंती एवढीच, की पुढचा छत्तीसगढी चित्रपट लागेल तेव्हा तिकीट काढून, शेवटपर्यंत बसून तो पाहावा. आवडला तर का आवडला ते चार ओळींत लिहावं. नाही आवडला तर कुठे फसला ते दहा ओळींत लिहावं, खाली स्वतःचं नाव घालावं आणि वर्तमानपत्राकडे पाठवून द्यावं.